कोलियसची आगोट: इगतपुरीतल्या एका फसलेल्या प्रश्नावलीची गोष्ट

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, सहामाही प्रगती अहवाल सादर करताना, मी समितीसमोर एक वाक्य मोठ्या आत्मविश्वासाने वाचलं: "एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी कोलियस हे शोभेचं झाड इगतपुरीत आणलं." समितीतल्या एका बाईंनी मान वर केली आणि एवढंच विचारलं, "कशावरून?"

मी चार मिनिटं बोलले. त्या चार मिनिटांत रेल्वे होती, बंगले होते, व्हिक्टोरियन काळातली बागांची हौस होती. 'कोलियस' आणि 'इगतपुरी' हे दोन शब्द एकत्र आणणारा एकही कागद मात्र नव्हता. वाक्य गेलं. त्याच्या जागी काय आलं, त्याची ही हकीकत. पेट देऊन बसलेल्या आणि विषय शोधत असलेल्या मंडळींसाठी मुद्दाम लिहितेय, कारण हा खड्डा सगळ्यांच्याच वाटेत असतो.

माझा विषय घाटमाथ्यावरच्या रेल्वेगावांतल्या घरबागांचा इतिहास. ऐकणारा बहुतेक वेळा विचारतो, "यात इतिहास काय आहे?" प्रश्न रास्त आहे. महसुलाची कागदपत्रं शेताची असतात, सरकारी बागांचे अहवाल सरकारी बागांचे असतात. ओसरीवर तेलाच्या डब्यात लावलेल्या झाडाचा कागद कुणी केलेला नसतो. आणि कोलियस तर अशा झाडांचा राजा. फळ नाही, फुलाला कुणी विचारत नाही, देवाला चालत नाही. फक्त पानं. मरून, गुलाबी, पिवळी, कडेला पोपटी किनार, करवतीसारखे दाते. नाव माहीत नसेल तरी तुम्ही ते नक्की पाहिलेलं आहे. खोड बोटांत फिरवून बघा, चौकोनी लागेल. तुळस, पुदिना, मरवा आणि भजीचं ओव्याचं पान यांच्याच कुळातलं. बीएस्सीला बॉटनी असलेल्यांनी तर खोडाच्या शेंड्याचा उभा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलाय, ती स्लाइड हमखास कोलियसचीच असते.

माझ्या आत्याकडे इगतपुरीला हे झाड मी लहानपणापासून बघतेय. काका रेल्वेत होते. घर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, पुढे पडवी, पडवीच्या कडेला डबे आणि कुंड्या.

वाक्य इतकं खरं का वाटलं

चूक समजून घ्यायची तर आधी तिचा मोह समजून घ्यायला हवा.

बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला. थळ घाटातून कसारा ते इगतपुरी हा मार्ग खुला झाला १ जानेवारी १८६५ ला. चढ इतका की दर सदतीस फुटांमागे एक फूट उंची चढायची. आजही अनेक गाड्यांना घाट चढताना जादा इंजिनांचा जोर लावावा लागतो. साहजिकच घाटमाथ्यावर इंजिनं, कारखाना, चालक, फिटर आणि साहेब या सगळ्यांची वस्ती उभी राहिली. समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंची, मुंबईपेक्षा थंड हवा, व्हरांडे असलेले बंगले. कुंड्या ठेवायला याहून चांगली जागा कोणती?

आता दुसरीकडचं बघा. कोलियसची ही जात उष्ण आशियापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली. आंबोन बेटावर आयुष्य काढलेल्या रुम्फियसच्या ग्रंथात ती 'मायाना' या स्थानिक नावाने येते. हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७४१ पासून छापला गेला. लिनियसने १७६३ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिलं ते सब्जाच्या प्रजातीत घालून. 'कोलियस' हे प्रजातीचं नाव लोरेरो या पोर्तुगीज धर्मोपदेशकाने १७९० मध्ये काढलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ म्यान. फुलातल्या पुंकेसरांचे तंतू खाली जुळून म्यानासारखे होतात, म्हणून. पुढे बेंथमने जावात काम केलेल्या ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून 'कोलियस ब्लूमी' हे नाव वापरलं आणि तेच शंभर-दीडशे वर्षं लोकांच्या तोंडी राहिलं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हे झाड इंग्लंडमध्ये पोचलं तेव्हा तिथे दोन गोष्टी तयार होत्या. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, त्यामुळे काचघरं स्वस्त झाली. आणि वॉर्ड नावाच्या लंडनच्या डॉक्टरने बंद काचपेटीत झाडं महिनोन्‌महिने जगतात हे दाखवून दिलं होतं. त्याचं पुस्तक १८४२ चं. या पेट्यांतून झाडं जहाजाच्या डेकवरून जगभर फिरू लागली. १८६० च्या दशकात लंडनजवळ चिझिकच्या बागेत कोलियसच्या वेगवेगळ्या रूपांचे संकर झाले. १८६८ मध्ये त्या संकरांचा लिलाव झाला आणि शेकडो गिनी मोजल्या गेल्या. पानांसाठी! लॉनवर गालिच्यासारखी नक्षी काढायची तेव्हा टूम होती आणि त्या नक्षीला लाल-जांभळा रंग हवा होता.

म्हणजे १८६५ ला घाट, १८६८ ला लिलाव, १८६९ ला सुएझ कालवा. तीन तारखा एका रांगेत उभ्या राहिल्या की गोष्ट आपोआप तयार होते. माझीही झाली. पण तारखा शेजारी असणं वेगळं आणि एका गोष्टीमुळे दुसरी होणं वेगळं. शिवाय माझ्या गोष्टीत एक गंमत मला दिसलीच नव्हती: झाड मुळात आपल्याच बाजूचं, लंडनला ते पाहुणं. 'ब्रिटिशांनी आणलं' हे वाक्य लिहिताना मी नकाशा उलटा धरला होता. आणखी एक. मुंबईत राणीची बाग १८६२ मध्ये उघडली होती. पुण्यात गणेशखिंडची वनस्पती बाग १८७३ ची, तिथले अधीक्षक वुड्रो यांनी भारतातल्या बागकामावर लिहिलेलं पुस्तक अनेक आवृत्त्यांत निघालं. या बागांत रोज हात घालणारे होते माळी. फांदी तोडणारा, लावणारा, शेजाऱ्याला देणारा तोच. माझ्या वाक्यात साहेब होता, माळी नव्हता. पुरावा दोघांचाही नसताना मी कर्ता म्हणून एकाची निवड करून टाकली होती. ही निवड बिनपुराव्याची तर होतीच, पण ती मी केली हे मला कळलंही नव्हतं.

हिवाळ्यात तुम्ही काय करता?

समितीनंतर मी ठरवलं की कागद नाहीत तर माणसांना विचारू. मौखिक इतिहासाची पद्धत शिकले होते, प्रश्नावली तयार केली. इंग्रजीतल्या बागांच्या इतिहासावरच्या लेखनातून प्रश्न उचलले आणि मराठीत आणले. त्यातला मध्यवर्ती प्रश्न होता: "हिवाळ्यात कोलियस टिकवण्यासाठी तुम्ही काय करता?"

हा प्रश्न मध्यवर्ती का, ते सांगते. इंग्लंडमध्ये कोलियसचा सगळा इतिहास हिवाळ्याभोवती फिरतो. पहिलं कडक धुकं-दव गोठलं की झाड एका रात्रीत काळं पडून संपतं. म्हणून उन्हाळा सरताना, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, फांद्या तोडून छोट्या कुंड्यांत लावायच्या, काचघरात न्यायच्या, बॉयलरवर गरम पाण्याचे नळ फिरवून हिवाळाभर ऊब द्यायची आणि वसंतात त्यांच्याच पुन्हा फांद्या करून शेकड्यांनी झाडं तयार करायची. या कामाला त्यांच्याकडे एक शब्द आहे, 'ओव्हरविंटरिंग'. त्यात काच, कोळसा आणि पगारी माळी असा तिहेरी खर्च आहे. म्हणून तिकडच्या संशोधकाला हिवाळ्याबद्दल विचारलं की वर्ग, पैसा, श्रम, तंत्रज्ञान असं सगळं हाती लागतं. मला वाटलं, इथेही लागेल.

मी इगतपुरीत अकरा घरी गेले. उत्तरं अशी: "काही नाही." "थोडं पाणी कमी." "काय करायचंय?" एका आजोबांनी तर मला उलट विचारलं, "का, कुणी काही म्हणालं का?" अकरा घरांची टिपणं मिळून दीड पान. मी निष्कर्षही लिहायला घेतला होता की इथे कोलियस टिकवण्याची परंपराच नाही, लोक दरवर्षी नर्सरीतून नवीन आणतात. म्हणजे एक चुकीचं वाक्य काढून दुसरं घालायच्या तयारीत होते.

संध्याकाळी आत्याकडे येऊन कुरकुर केली. ती तांदूळ निवडत होती.

"अगं, थंडीत काय करायचं त्याला?" ती म्हणाली. "थंडीत ते नुसतं बसून राहतं. मरतं ते श्रावणात. आगोटीला फांद्या नाही काढल्या तर दसऱ्याला कुंडी रिकामी."

आगोट! हा शब्द माझ्या प्रश्नावलीत कुठेच नव्हता. आत्याचं माहेर, म्हणजे आमचं घर, कल्याणकडचं, म्हणून तिच्या तोंडी आगोट. तिच्या शेजारणी बेगमी म्हणतात. पाऊस लागायच्या आधी करायची सगळी तजवीज: मीठ, मिरची, पापड, सुकी मासळी, सरपण, पत्र्यावर ताडपत्री. त्याच यादीत, कुठेही न लिहिलेली, कोलियसची फांदी होती.

यात नवल काही नाही, आकडे बघितले असते तर मलाही सुचलं असतं. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पंचेचाळीस किलोमीटरवरच्या नाशिक शहरात त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. झड लागली की आठ-आठ दिवस ऊन नाही. कोलियसला ओलावा आवडतो, पण साचलेलं पाणी नाही. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही, मुळं कुजतात, बुरशी येते, आणि मऊ रसाळ खोड जमिनीलगत काळं पडून आडवं होतं. पागोळ्यांखाली कुंडी असेल तर काम आणखी लवकर होतं. वर उजेड नाही म्हणून पानांतला लाल रंग उतरतो, हिरवा वर येतो, पेरं लांबतात. उरलेलं गोगलगाई खातात. थंडीत इगतपुरीला पारा दहाच्या खाली गेला तर वाढ थांबते, काही पानं गळतात, कुंडी भिंतीच्या आडोशाला सरकवली आणि पाणी कमी केलं की भागतं. लोकांनी मला खरंच सांगितलं होतं: "काही नाही."

आत्याची पद्धत इथे सविस्तर लिहिते, कारण ती आता माझ्या प्रबंधात पुरावा म्हणून आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, फुलाचा तुरा न आलेली फांदी निवडायची. तुरा आलेली फांदी घेतली तर ती फुलण्यात जोर घालवते. पेराच्या जरा खाली काप घ्यायचा, अर्धी वीत लांबी पुरे. खालची पानं काढून टाकायची, वर चारच ठेवायची. पाण्यात ठेवायची ती औषधाच्या तपकिरी बाटलीत, म्हणजे आत शेवाळ धरत नाही. पाणी दोन दिवसांनी बदलायचं. आठ-दहा दिवसांत पेरातून पांढरी मुळं फुटतात. मग पोयट्याच्या मातीत जाड वाळू मिसळून, दह्याच्या भोकं पाडलेल्या डब्यात लावायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायची, चुलीची नाही तरी शेगडीची ऊब असते म्हणून. मोठी कुंडी बाहेर. ती वाचली तर वाचली. गणपती गेले की खिडकीतली रोपं पडवीत, दसऱ्याला मोठ्या कुंडीत. मग फेब्रुवारीत शेंडे खुडायचे म्हणजे झाड भरतं, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हातून हलवायचं.

इंग्लंडच्या काचघरातली क्रिया तीच. फांदी तोडा, आत घ्या, वाईट ऋतू काढा, पुन्हा बाहेर लावा. ऋतू तेवढा वेगळा. आणि ऋतू वेगळा म्हणून खर्च वेगळा, काम करणारा वेगळा. तिकडे बॉयलर पेटवणारा पगारी माळी, इकडे खिडकीपाशी उभी असलेली बाई. बागेच्या इतिहासात तिला शोधायचं तर बागेत शोधून मिळणार नाही, स्वयंपाकघरात जावं लागेल.

गंमत म्हणजे भारतात राहणाऱ्या इंग्रजांना हा फरक चांगला ठाऊक होता. फर्मिंजर नावाच्या पाद्र्याने बंगाल आणि उत्तर हिंदुस्थानातल्या बागांसाठी १८६० च्या दशकात पुस्तक लिहिलं, त्याच्या पुढे कितीतरी आवृत्त्या निघाल्या. अशा पुस्तकांतलं वर्ष पाऊस, थंडी, उन्हाळा अशा तीन भागांचं असतं आणि इंग्लंडची फुलझाडं इथे पाऊस संपल्यावर पेरायची, थंडीत फुलवायची. म्हणजे हिवाळा हा त्यांच्यासाठी इथला बहराचा काळ होता. दीडशे वर्षांपूर्वीच्या साहेबाने जो फेरफार केला होता, तो मी माझ्या घरच्या गावात विसरले. प्रश्नावली भाषांतरित करताना शब्द मराठीत आणले, ऋतू लंडनचाच ठेवला.

फांदी कुणाकडून आणली?

जूनमध्ये पुन्हा त्याच अकरा घरी गेले. प्रश्न दोनच: आगोटीला या झाडाचं काय करता? आणि ही फांदी कुणाकडून आली?

या वेळी वही भरली. कोण फांद्या नारळाच्या करवंटीत लावतं, कोण न्हाणीघराच्या खिडकीत ठेवतं, कुणाच्या घरी दोन ठिकाणी ठेवतात, "एक गेली तर दुसरी असावी" म्हणून. आणि फांदीचा माग काढताना माणसं बोलतच राहिली. रेल्वेत बदली झाली की सामानात फांदी. मनमाडची शेजारीण, भुसावळची मैत्रीण, कल्याणच्या क्वार्टरमधली कुणी. आत्याकडची फांदी तिच्या सासूबाईंकडून आली. त्यांना ती शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईंनी दिली होती, त्यांचं नाव आत्याला आठवत नाही, पण त्या कोलियसला 'रंगीत पान' म्हणायच्या हे आठवतं. माझ्या साखळ्यांपैकी सगळ्यात लांबची १९६० च्या दशकापर्यंत जाते. त्यामागे स्मृती नाही. म्हणून माझा दावाही तिथेच थांबतो.

या टप्प्यावर एक नवीन मोह होतो आणि त्याला मी जवळजवळ बळी पडले होते. फांदीने लावलेलं झाड हे मूळ झाडाचंच शरीर असतं. मग आत्याची कुंडी म्हणजे साठच्या दशकातलंच झाड, नाही का? तत्त्वतः हो. पण पुरावा? दिसण्यावरून ठरवता येत नाही. बियांच्या पाकिटातून उगवलेल्या शंभर रोपांत एखादं हुबेहूब तसं निघू शकतं. उलट, फांदीने वाढवलेल्या कोलियसमध्ये एखाद्या डहाळीवर अचानक निराळ्या नक्षीची पानं येतात. ती डहाळी तोडून लावली की झाडाची ओळ तीच, चेहरा वेगळा. मध्ये कधी जुनी कुंडी मेली आणि कुणी गुपचूप बाजारातून तसंच आणून ठेवलं, तर स्मृतीत साखळी अखंडच राहते.

मैत्रीण विषाणूंवर काम करते. ती म्हणाली, कोलियसमध्ये 'व्हायरॉइड' असतात, विषाणूहूनही लहान, नुसते आरएनएचे तुकडे. ब्राझीलमध्ये १९८९ मध्ये त्यांची नोंद झाली, नंतर भारतासह अनेक देशांत ते सापडले. मी खूश! झाडाच्या अंगातच दप्तर! मग तिनेच पुढचं सांगितलं: ते बियांमधूनही पुढे जातात. म्हणजे व्हायरॉइड सापडला तरी फांदीची साखळी सिद्ध होत नाही. दप्तर आहे, पण त्यात माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही.

फोटोंचंही तसंच. दोन घरांत जुने फोटो मिळाले, ओसरीवर कुंड्या दिसतात. पण काळ्या-पांढऱ्या फोटोत कोलियस आणि क्रोटन यांत फरक करणं अवघड. जितका फोटो जुना तितकं अवघड, कारण सुरुवातीच्या काचा आणि फिल्म लाल रंग पकडतच नसत, लाल पान काळं उमटे. जो रंग हीच या झाडाची ओळख, तोच फोटोत नाही.

छापील साधनं शोधणार असाल तर नावांकडे लक्ष द्या, माझे दोन महिने यात गेले. हे झाड जुन्या यादीत 'कोलियस ब्लूमी', 'कोलियस व्हर्शाफेल्टी' अशा नावांनी येतं. विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी ते 'सोलेनोस्टेमॉन'मध्ये टाकलं, 'प्लेक्ट्रँथस'मध्येही ठेवलं आणि २०१९ मध्ये पुन्हा 'कोलियस'मध्ये आणलं. एका नावाने शोधलं तर बाकीची कपाटं बंदच राहतात. गावाचंही तेच, जुन्या इंग्रजी कागदांत इगतपुरी 'एगटपुरा'सारख्या रूपांत लपलेली असते.

आणि नुसत्या उच्चाराच्या साम्यावर काही उभारू नका. रुम्फियसचं 'मायाना' वाचल्यावर मला लगेच आपलं 'माईनमूळ' आठवलं. तेही कोलियसच, दुसऱ्या जातीचं, मुळांचं लोणचं घालतात, गुजरातीत गरमर म्हणतात. आंबोन ते महाराष्ट्र असा व्यापारी मार्ग मी डोळ्यांसमोर उभा केला, तोही रात्री दीड वाजता. सकाळी वही बघितली तर पुराव्याच्या रकान्यात फक्त दोन अक्षरांचं यमक होतं. खोडलं.

माईनमुळाचा विषय निघालाच आहे तर त्याच्या इतिहासाचंही सांगते, कारण तुलना करण्यासारखी आहे. इगतपुरीहून गाडीत बसलात की कसारा, कल्याण, ठाणे मागे टाकून मुलुंड येतं. तिथल्या हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात डिसूझा, सुजाता भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माईनमुळातून एक द्रव्य वेगळं केलं. १९७७ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली. झाडाला फोर्सकाल या लिनियसच्या शिष्याचं नाव होतं, हा १७६३ मध्ये येमेनमध्ये वारला, म्हणून द्रव्याचं नाव फोर्सकोलिन. त्याच सुमाराला लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतही 'कोलियोनॉल' नावाने एक द्रव्य निघालं होतं, पुढे दोन्ही एकच असल्याचं ठरलं. १९८१ मध्ये अमेरिकेत सीमन आणि डेली यांनी दाखवलं की हे द्रव्य पेशीतलं अ‍ॅडेनिलेट सायक्लेज हे विकर थेट चालू करतं, आणि मग जगभरच्या प्रयोगशाळांत ते साधन म्हणून पोचलं. मुलुंडच्या गटाने कोलियसच्या इतर जातीही तपासल्या, त्यांत ते मिळालं नाही. तेव्हा कुंडीतला रंगीत कोलियस औषधी समजून कुणी खाऊ नये.

या कथेत तारखा आहेत, नावं आहेत, शोधनिबंध आहेत, कोण आधी यावर वादसुद्धा आहे. ती लिहायला बसलात तर तीन आठवड्यांत एक प्रकरण होईल. त्याच लोहमार्गाच्या घाटावरच्या टोकाला, त्याच प्रजातीचं दुसरं झाड, घराघरांत निदान साठ वर्षं हातोहात फिरतंय, आणि त्याच्यासाठी माझ्याकडे आहे एक वही. ज्या गोष्टीचे कागद जास्त, ती महत्त्वाची वाटायला लागते. मला स्वतःला ती वाटली होती. एका क्षणी मी मार्गदर्शकांना म्हणालेही, "सर, विषय बदलून मुलुंड घेऊ का?" ते म्हणाले, "घे, पण आधी इगतपुरीचं वाक्य पूर्ण कर."

ते वाक्य सध्या असं आहे: "इगतपुरीतल्या अकरापैकी आठ घरांत कोलियस पावसाळ्यापूर्वी फांद्या काढून घरात जपला जातो. हे काम मुख्यतः स्त्रिया करतात, आणि फांद्यांची देवाणघेवाण रेल्वेच्या बदल्यांच्या वाटेने झाल्याच्या आठवणी १९६० च्या दशकापर्यंत जातात." पहिल्या वाक्याच्या मानाने फारच मिळमिळीत. पण "कशावरून?" विचारलं तर वही उघडता येते. ऑगस्टच्या बैठकीत त्याच बाईंनी ते वाचलं, समासात बरोबरची खूण केली आणि विचारलं, "उरलेल्या तीन घरांत काय होतं?" त्याचं उत्तर आता शोधतेय.

आत्याची मोठी कुंडी या वर्षी जुलैतच गेली. खिडकीतली दोन रोपंही गेली. मे महिन्यात तिने मला पुण्याला जाताना ओल्या फडक्यात गुंडाळून एक फांदी दिली होती, ती हॉस्टेलच्या खिडकीत वाढली. दसऱ्याला तीच घेऊन इगतपुरीला गेले. आत्याने डबा उचलून पानं वरखाली करून बघितली आणि म्हणाली, "रंग उतरलाय जरा. येईल." मग माझ्या वहीकडे बोट दाखवलं. "लिही त्यात. या खेपेला फांदी पुण्याहून आली म्हणून."